अव्वल तालुकदार ते कलेक्टर

‘रेव्हेन्यू’ शब्द आला की आमच्या वर्गातली मुले बिचकतात. आम्ही फळ्यावर ‘महसूल’ लिहितो. उर्दूत तोच, मराठीतही तोच. ‘गव्हर्नमेंट’ म्हणजे सरकार, ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे जिल्हा. ‘इलेक्शन’ला मात्र उर्दूत इंतिखाब, मराठीत निवडणूक.

निजामी अमलात उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, जिल्हाप्रमुख अव्वल तालुकदार म्हणवला जाई. १९१७ साली हैदराबादेत दारुल तर्जुमा निघाले. उस्मानिया विद्यापीठासाठी तिथे राज्यशास्त्राची इंग्रजी पुस्तकेही उर्दूत आणली गेली. सप्टेंबर १९४८मध्ये निजामी राज्य गेले, पुढे कचेरीची भाषाही बदलली. उर्दूत शिकलेले आमचे आजोबा शेवटपर्यंत अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेत.

ती पाळी या मुलांवर येऊ नये, म्हणून आम्ही एकेक शब्द तिन्ही भाषांत गिरवून घेतो. हक्क मागायचा तर त्याचे कचेरीतले नाव ठाऊक हवे.