हळदी-कुंकू बदक : घरट्याची जागा

भारतात बारमाही राहणारे पाणबदक. काळ्या चोचीचे पिवळे टोक आणि मुळाशी असलेले दोन लाल ठिपके यांवरून पडलेले हे मराठी नाव शास्त्रीय नावापेक्षा नेमके आहे. नांदूर मधमेश्वर, जायकवाडी तसेच गावतळ्यांवरही ते दिसते.

घरटे जमिनीवर, पाण्यालगतच्या दाट गवतात किंवा लव्हाळ्यात असते. उत्तर भारतात वीण मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमध्ये होते. म्हणजे पाणी चढण्याचे दिवस. अगदी काठावरचे घरटे बुडते, फार लांबचे असेल तर पिल्लांना कोल्हा-मुंगसाच्या वाटेवरून पाण्यापर्यंत चालावे लागते. म्हणून काठाजवळची, पण किंचित उंच जागा सोयीची. वरून झुकलेले गवत कावळ्याच्या नजरेपासून आडोसा देते.

मादी गवताची खोलगट गादी करून तीत स्वतःच्या छातीची मऊ पिसे अंथरते. अंडी साधारण ७ ते १२. चरायला जाताना ती हीच पिसे अंड्यांवर ओढून घेते. त्यामुळे ऊब टिकते आणि फिकट अंडी झाकली जातात. अंगाच्या तपकिरी खवलेदार रंगामुळे बसलेली मादी दोन पावलांवरूनही सहसा दिसत नाही.