उन्हातला फिरता संसार

मैत्रिणींनो, १९३० नंतरच्या दुष्काळात अमेरिकेतल्या ओक्लाहोमाची शेतं धुळीच्या वादळांनी उजाड झाली. हजारो कुटुंबं जुन्या मोटारींत गाद्या, भांडी, लेकरं घालून कॅलिफोर्नियाकडे कामाला निघाली. मोटार हेच घर, चूल रस्त्याकडेला.

वाटेत मोहावीचं वाळवंट. दिवसा अंग भाजायचं, म्हणून अनेकजण ते रात्री ओलांडत. मोटारीच्या पुढे कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगत. ती पाझरायची, वारा लागायचा, पाणी गार राहायचं. अगदी आपल्या माठासारखं.

आपल्या ऊसतोड बहिणीही उन्हाच्या तोंडावर ट्रॉलीत संसार भरून गावी परततात. यंदा त्यांच्या वाटेवर आपण गटातर्फे माठ भरून ठेवू, दुपारी टेकायला सावलीही करू.