व्हॅक्यूम क्लीनर घेताना: वॅट, पास्कल आणि पाच वर्षांचा खरा खर्च

आईला धुळीचा दमा आहे. घरात कोरडा केर काढला की शिंका आणि मग रात्री पंप, हे मी लहानपणापासून बघतोय. म्हणून नोकरी लागल्यावर थोडे पैसे साठले तेव्हा नाशिकच्या घरासाठी मी १४,००० रुपयांचा कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर घेतला. निवडला अगदी फोन निवडतात तसा. दोन-तीन मॉडेल्सचे स्पेसिफिकेशन शेजारी शेजारी ठेवले आणि ज्याचा आकडा मोठा ते घेतलं. आठवड्याभरात आईचा फोन आला, "अरे, हे मशीन धूळ घेतंय आणि परत मलाच देतंय." पुढे दीड वर्षात बॅटरी गेली. कंपनी म्हणाली, मॉडेल बंद झालंय, बॅटरी मिळणार नाही. मशीन माळ्यावर गेलं.

दुसरं घेण्याआधी मात्र मी हे सगळे आकडे नेमकं काय सांगतात ते बघितलं. तेच इथे लिहितोय.

खोक्यावरचे आकडे

पहिला आकडा वॅटचा. १२००, १४००, १६०० वॅट. हा आकडा मशीन किती वीज खातं ते सांगतो, किती धूळ ओढतं ते नाही. युरोपियन युनियनने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॅटची मर्यादा घातली आणि सप्टेंबर २०१७ पासून ती ९०० वॅटवर आणली. तरी तिथली घरं घाण राहिली नाहीत, कारण कंपन्यांनी मोटर आणि नोझलचं डिझाइन सुधारलं. आपल्याकडे अजूनही "१६०० वॅट पॉवरफुल सक्शन" असं ठळक छापलेलं असतं. शिवाय १६०० वॅटचं मशीन साधारण ७ अँपिअर घेतं, आणि घरातलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. म्हणजे ते गीझरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायला हवं आणि हॉलमध्ये ते नेमकं कुठे आहे हे आधी बघायला हवं.

दुसरा आकडा पास्कलचा, म्हणजे सक्शन प्रेशर. हा व्हॅक्यूम क्लीनरमधला मेगापिक्सल आहे. पाइपचं तोंड पूर्ण बंद केल्यावर आत किती दाब कमी होतो, तेवढंच तो सांगतो. पण तोंड बंद असताना हवा वाहत नाही, आणि धूळ उचलून नेते ती वाहती हवा. खरी ताकद म्हणजे दाब गुणिले हवेचा प्रवाह. त्याला एअर वॅट म्हणतात. उदाहरण घ्या. दोन मशीनवर २०,००० पास्कल लिहिलंय. वायरवाल्याचा जास्तीत जास्त प्रवाह सेकंदाला ३० लिटर आहे, कॉर्डलेसचा १२ लिटर. ढोबळमानाने दोन्ही गोष्टी निम्म्यावर असतात तेव्हा ताकद सगळ्यात जास्त मिळते. म्हणजे पहिल्यात १० किलोपास्कल गुणिले १५ लिटर, १५० एअर वॅट. दुसऱ्यात १० गुणिले ६, फक्त ६० एअर वॅट. खोक्यावर आकडा एकच, काम अडीच पट वेगळं. एअर वॅट लिहिलेले असतील तर तेच बघा, आणि कॉर्डलेसमध्ये ते बहुतेक वेळा टर्बो मोडचे असतात हे लक्षात ठेवा.

तिसरा आकडा एमएएच, जो आपल्याला पाठ असतो. पण व्होल्टेजशिवाय एमएएचला अर्थ नाही. फोनची ५००० एमएएच बॅटरी ३.८५ व्होल्टवर सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा साठवते. रोबोटमधली ५२०० एमएएच बॅटरी १४.४ व्होल्टची असेल तर ७५ वॅट-तास होतात, जवळजवळ चौपट. माझ्या त्या कॉर्डलेसमध्ये २५०० एमएएच आणि २१.६ व्होल्ट होते, म्हणजे ५४ वॅट-तास. खोक्यावर "४५ मिनिटं". भागाकार करा: ४५ मिनिटं चालायला मोटरने फक्त ७२ वॅट घ्यायला हवेत, म्हणजे इको मोड. टर्बोत ३५० वॅट लागले की ९ मिनिटांत खेळ खलास. गादीची एक बाजूही धड होत नाही.

आपल्या घरात नक्की काय साफ करायचंय?

हा प्रश्न मी आधी विचारलाच नव्हता. परदेशी रिव्ह्यू बहुतेक कार्पेटवर असतात. आपल्याकडे फरशी. फरशीवरचा केर उचलायला फार ताकद लागत नाही, म्हणूनच कमी एअर वॅटचा रोबोटसुद्धा टाइल्सवर बरं काम करतो. त्याचं तोंड जमिनीला चिकटून असतं आणि ब्रश केर आत लोटतो. खरी ताकद लागते ती गादी, सोफा, खिडकीचे चॅनेल आणि डासांच्या जाळीला. पंख्याच्या पात्यांवरची चिकट धूळ मात्र कुठल्याच मशीनने नीट निघत नाही, तिथे ओलं फडकंच.

रोबोटबद्दल एवढंच सांगतो की घेण्याआधी उंबरे मोजा. बहुतेक रोबोट २ सेंटीमीटरच्या वर चढत नाहीत. जुन्या घरांत स्वयंपाकघराचा उंबरा त्याहून उंच असतो, मग प्रत्येक खोलीत त्याला उचलून ठेवायचं. आणि दारातली रांगोळी तो केर समजून खातो. मित्राकडे पाडव्याच्या सकाळी हे झालंय, त्या घरात तो विषय अजून काढत नाहीत.

ओलं-कोरडं दोन्ही ओढणारे ड्रमवाले मशीन ५-८ हजारांत मिळतात. ताकदवान, पण आवाज मोठा आणि आकार बादलीएवढा. गाडी, बाल्कनी, टेरेस असेल तर पैसा वसूल. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ठेवायला जागा शोधावी लागते.

पाच वर्षांचा हिशेब

वीज महाग पडेल म्हणून लोक वायरवालं मशीन टाळतात. हिशेब करून बघू. युनिटला १० रुपये धरू. १२०० वॅटचं मशीन २० मिनिटं चालवलं तर ०.४ युनिट, म्हणजे ४ रुपये. आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ वेळा, ४१६ रुपये. पाच वर्षांत साधारण २,१००. कॉर्डलेसला चार्जिंगमधली गळती धरून एका वेळी ८० पैसे, पाच वर्षांत सव्वाचारशेच्या आत. फरक आहे, पण पाच वर्षांत सतराशे रुपयांचा. पैसा जातो तो दुसरीकडे.

आता आमच्याकडे असलेलं मशीन ७,५०० चं आहे, वायरवालं, आत पिशवी असलेलं. एक पिशवी दीड महिना जाते आणि १५० ला पडते. वर्षाला ८ पिशव्या, १,२०० रुपये. पाच वर्षांत ६,०००. फिल्टर ९०० चा, वर्षातून एकदा, म्हणजे पाच वर्षांत चारदा: ३,६००. विजेसकट एकूण झाले सुमारे १९,२००. मशीनच्या अडीच पट!

माझं जुनं कॉर्डलेस पाच वर्षं चाललं असतं तर? १४,००० अधिक चार फिल्टर २,४००, अधिक वीज, अधिक मधे एकदा नवी बॅटरी साडेतीन हजारांची. साधारण २०,३००. म्हणजे जवळपास तेवढेच, आणि पिशव्यांची कटकट नाही. पण हे सगळं गणित त्या साडेतीन हजारांच्या बॅटरीवर उभं आहे. ती मिळाली नाही तर दुसऱ्या मशीनसाठी पुन्हा १४,००० घालायचे आणि खर्च ३० हजारांच्या घरात. लिथियम-आयन बॅटरी काही शे चार्ज सायकलनंतर उतरणारच, फोनमध्ये आपण ते बघतोच. फक्त फोन तोपर्यंत आपल्याला तसाही बदलायचा असतो.

रोबोट २५,००० चा धरला तर रोज चालवूनही वीज वर्षाला ३६५ रुपयांच्या आसपास. पण साइड ब्रश, फिल्टर, मॉपचं कापड आणि एक बॅटरी धरून पाच वर्षांत आणखी १०-११ हजार जातात.

वायरवाल्याचा एक फायदा कुठल्याच तक्त्यात नसतो. त्याच्या मोटरमधले कार्बन ब्रश झिजले तर गल्लीतला मोटर वाइंडिंगवाला बहुधा काही शे रुपयांत बदलून देतो.

दमा किंवा ऍलर्जी असेल तर

इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली होती. पिशवी नसलेल्या मशीनला चालू खर्च कमी, म्हणून मी ते घेतलं. पण त्याचा डबा रिकामा करताना बारीक धूळ उडते आणि ती सरळ नाकात जाते. आई बाल्कनीत डबा झटकायची आणि रात्री पंप घ्यायची. पिशवी बंद करून तशीच टाकून देता येते. वर्षाचे ते १,२०० रुपये आमच्याकडे त्यासाठीच आहेत.

"हेपा" शब्दाकडेही नीट बघा. युरोपियन मानकाप्रमाणे एच-१३ दर्जाचा फिल्टर, सगळ्यात निसटणाऱ्या आकाराचे कणसुद्धा ९९.९५ टक्के अडवतो. "हेपा टाइप" किंवा "हेपा लाइक" लिहिलं असेल तर तशी काहीच हमी नाही. आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी मशीनच्या सांध्यांतून हवा गळत असेल तर धूळ फिल्टरला वळसा घालून बाहेर येते. दुकानात मशीन चालू करून झाकणाच्या कडेला हात धरा, वारा लागतोय का बघा. पिशवी पाऊण भरली की बदला, कारण ती भरत जाते तसा प्रवाह कमी होतो. युरोपातलं व्हॅक्यूम क्लीनरचं एनर्जी लेबल २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने याच मुद्द्यावर रद्द केलं: चाचणी रिकाम्या पिशवीवर होत होती.

गादीतल्या धूळकिड्यांसाठी एकट्या व्हॅक्यूमवर विसंबू नका. जिवंत किडे धाग्यांना धरून बसतात. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले की ते मरतात. मशीन दुसऱ्या कुणीतरी चालवायचं, आणि ज्याला त्रास आहे त्याने थोडा वेळ दुसऱ्या खोलीत बसायचं. आमच्याकडे हे काम बाबांकडे आलंय, कुरकुरत का होईना.

आता मी कुणालाही मशीन सुचवण्याआधी एक गोष्ट करतो. मॉडेलचं नाव आणि पुढे "फिल्टर", "पिशवी" किंवा "बॅटरी" लिहून सर्च करतो. सुटा भाग किंमतीसकट विकायला दिसला तरच पुढे जातो. त्याच कंपनीचं चार-पाच वर्षं जुनं मॉडेलही तसंच शोधतो. त्याची बॅटरी आज मिळत नसेल, तर नव्याचीही पुढे मिळेल असं मी धरत नाही.