पिवळ्या रंगाखालचे तबेले

विकास आराखड्याच्या नकाशावर निवासी विभाग पिवळा असतो, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा. महापालिकेत सर्व्हेअर म्हणून माझी हयात या रंगांत गेली. जोगेश्वरी-गोरेगावकडचा एखादा तुकडा कागदावर लख्ख पिवळा दिसायचा आणि जागेवर जाऊन पाहावं तर म्हशींच्या रांगा. म्हशी आधी आल्या होत्या, रंग मागून भरला गेला होता.

मुंबईचा पहिला विकास आराखडा मंजूर झाला १९६७ साली. तबेले त्याच्या किती तरी आधीचे. दूध नासायच्या आत गिऱ्हाइकाच्या पातेल्यात पडायचं तर म्हैस वस्तीजवळच हवी, एवढा साधा हिशोब होता. रतीब लावणाऱ्यालाही धार डोळ्यांदेखत काढलेली हवी असे. पाण्याचा संशय तेव्हाही होताच.

या धंद्याची दुसरी बाजू मात्र वाईट होती. गवळी नुकती व्यालेली म्हैस गुजरात-हरियाणाकडून आणत. शहरात चरायला कुरण नाही, वैरण विकतची, जागा वीतभर. एक वेत संपून म्हैस आटली की तिला पुन्हा गाभण राहून विण्यापर्यंत पोसणं परवडत नसे, म्हणून ऐन उमेदीतल्या, भरपूर दुधाच्या म्हशी भाकड ठरून कत्तलखान्यात जात. रेडकं बहुधा जगतच नसत. त्यांच्या वाटणीचं दूध कोणी सोडायचं? मग कातड्यात भुसा भरून ते म्हशीपुढे धरायचं आणि तिला पान्हा सोडायला लावायचं. शेण-मूत गटारात, गटार नाल्यात.

मुंबई सरकारचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी हे नीट पाहिलं होतं. १९४५च्या मुंबई दूध योजनेत आणंदकडचं दूध रेल्वेने शहरात येऊ लागलं. १९४९मध्ये गोरेगावच्या डोंगराळ भागात आरे दुग्ध वसाहत उभी राहायला लागली आणि १९५१मध्ये नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. क्षेत्र तीन हजार एकरांहून अधिक. म्हशी गवळ्यांच्याच राहिल्या. गोठे, पाणी आणि चारा सरकारचा, त्याबद्दल दर म्हशीमागे शुल्क. गोठ्यांतून वाहणाऱ्या सांडपाण्यावर पॅरा गवत वाढवायचं आणि तेच पुन्हा गव्हाणीत टाकायचं. दूध सरकार घ्यायचं, ते बाटल्यांत भरून पहाटे केंद्रांवर पोहोचायचं आणि बाटल्यांच्या पातळ चकचकीत झाकणांसाठी आम्ही पोरं भांडायचो. अमूलच्या त्रिभुवनदास पटेल आणि कुरियन यांच्याबरोबर खुरोडींना १९६३चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुरियन घराघरांत पोहोचले, खुरोडींचं नाव मुंबईकरही विसरले. मला हा अन्यायच वाटतो.

कारण नियमात न बसणारा वापर हलवायचा कसा, हे खुरोडींनी करून दाखवलं होतं. त्यांनी गवळ्याला नुसती जागा दिली नाही, गिऱ्हाईकही दिलं. पुढे उरलेले तबेले डहाणूकडे दापचरीला न्यायचं ठरलं, तेव्हा जागा होती, पण गिऱ्हाईक शंभरावर किलोमीटर मागे राहत होतं. पहाटेच्या रतिबावर जगणारा माणूस तिथे कशाला जाईल? मोठ्या संख्येने तबेले उपनगरांतच राहिले.

१९७६मध्ये शहरी भागात जनावरं पाळण्यावर नियंत्रण आणणारा कायदा आला, परवाने आले. त्यामुळे प्रत्येक तबेल्यात एक प्लॅस्टिकची पिशवी असायची. मोजणीची साखळी पाहिली की मालक खाटेखालून ती ओढून काढायचा. जुना परवाना, भाड्याच्या पावत्या, विजेची बिलं, वडिलांच्या नावाचा एखादा पिवळा पडलेला कागद. ‘साहेब, आम्ही आधीपासून आहोत.’ मी लिहून घ्यायचो. १९६६च्या नगररचना कायद्यातल्या छपन्नाव्या कलमानुसार अधिकृत वापरसुद्धा नियोजनाच्या हितासाठी बंद करायला लावता येतो, पण मग नुकसानभरपाईचा दावा येतो. भरपाई म्हटलं की फाइल टेबलावरून टेबलावर फिरत राहते.

तबेले उठले ते बहुतेक जागेच्या भावाने. मी ज्यांच्या पिशव्या तपासल्या त्यांतल्या काहींनी बिल्डरशी करार केले आणि गव्हाणींच्या जागी आता पोडियम पार्किंग आहे. नोटिशीने जे वर्षानुवर्षं झालं नाही, ते एका करारपत्राने झालं. नकाशाचा पिवळा रंग अखेर खरा ठरला, पण त्याचं श्रेय आमच्या खात्याने घेऊ नये.

आरेचं उलटंच झालं. म्हशींना हक्काची जागा म्हणून जी जमीन राखली, तिच्यावर दुसरे वापर येत गेले. १९७७मध्ये चित्रनगरी आली. नंतरच्या आराखड्यात ना-विकास क्षेत्र असलेल्या जमिनीचा एक तुकडा २०१७मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी बदलला गेला, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये रात्रीतून झाडं पडली तेव्हा सगळ्या देशाने आरेचं नाव ऐकलं. गोठे अजून आहेत, म्हशीही आहेत. आणि वसाहतीच्याही आधीपासून तिथे वारल्यांचे पाडे आहेत, भात-भाजी पिकवणारे. गवळ्याकडे निदान परवाना होता. पाड्यावरच्या माणसाला दाखवायला असतं ते आज्याने लावलेलं झाड, आणि आमच्या फॉर्ममध्ये झाडासाठी रकाना नव्हता.