गर्भाशयमुखाचा कर्करोग : शस्त्र आणि काळ

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे हत्यारांच्या प्रगतीचा इतिहास, अशी एक समजूत रूढ आहे. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१८९८ साली व्हिएन्नात वेर्टहाइम यांनी उदर उघडून गर्भाशय व भोवतालच्या ऊती काढण्याची व्यापक शस्त्रक्रिया आरंभिली. पुढे तीच लहान छिद्रांतून, दुर्बिणीने वा रोबोटच्या भुजांनी होऊ लागली. रक्तस्राव कमी झाला. तेव्हा रोगमुक्तीही निदान तितकीच असणार, असे मानले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६३१ स्त्रियांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीने मात्र उलट दाखविले. साडेचार वर्षांअखेर रोगमुक्त राहण्याचे प्रमाण उदर उघडलेल्या गटात ९६·५ टक्के, तर नव्या पद्धतीच्या गटात ८६ टक्के होते.

शिवाय रोग आरंभीच ओळखला गेला, तरच ही शस्त्रक्रिया उपयोगी. जेऊरसारख्या गावातील स्त्रीपुढचा खरा प्रश्न हाच होय. त्याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातच शोधले गेले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे त्याच रुग्णालयाच्या सहभागाने, शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. विषाणूच्या एकाच तपासणीने या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आला.

या इतिहासात निर्णायक ठरला तो शस्त्राचा प्रकार नव्हे, तर निदानाचा काळ.