कोपरी: मताचा हक्क आणि सभागृहाचा मान

कोपरी हा ठाणे स्थानकाच्या पूर्वेचा भाग. पश्चिमेला रेल्वेचे रूळ, पूर्वेला ठाण्याची खाडी, आणि या दोन रेघांमध्ये कोळी-आगऱ्यांची जुनी वस्ती, फाळणीनंतर वसलेली सिंधी कॉलनी, चाळी आणि अलीकडच्या इमारती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. या मार्गाने चेंदणी कोळीवाड्याचे दोन तुकडे केले. काही घरे पूर्वेला राहिली, काही पश्चिमेला. कचेऱ्या, न्यायालय, तुरुंग, तलाव आणि पेठ पश्चिमेकडे होती. पूर्वेकडे खाडी, मासळी आणि मिठागरे. मिठाची ने-आण जिथून होई त्या मीठबंदराचे नाव आजही रस्त्याला आहे.

ठाण्याची नगरपालिका १८६३ ची. सुरुवातीला ती सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले प्रतिष्ठित यांच्यापुरतीच होती. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्याने १८८४ मध्ये कायदा बदलला आणि नगरपालिकांत निवडून आलेले सभासद बसू लागले. मत मात्र माणसाला नव्हते, त्याच्या मालमत्तेला होते. घरपट्टी भरणारा, ठराविक भाड्याच्या घरात राहणारा, प्राप्तिकर देणारा किंवा पदवी मिळवलेला मतदार होई. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतिक कौन्सिलसाठीही तोच हिशेब लागू झाला. मुंबई इलाख्याच्या बहुतेक ग्रामीण भागात वर्षाला ३२ रुपये शेतसारा भरणाऱ्यालाच मत मिळे. लष्करातून निवृत्त झालेल्यांना त्यात सवलत होती. खाडीवर पोट भरणाऱ्यांची या हिशेबात सोयच नव्हती. जमीन मोजली जाई, घर मोजले जाई. होडी आणि जाळे कोणी मोजत नसे. एखाद्या कोळ्याच्या होडीची किंमत शेजारच्या पेठेतल्या मतदाराच्या खोलीहून जास्त असली, तरी तेवढ्याने त्याचे नाव यादीत येत नसे. मुंबई कौन्सिलने १९२१ मध्ये स्त्रियांना मतदानाची मुभा दिली, पण अट तीच राहिली. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या कोळणीच्या नावावर शेतसारा कुठला असणार? नवा हक्क सधन घरांच्या उंबरठ्याआतच राहिला.

ही चौकट मोडली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तीही पहिले मत पडण्याआधी, मतदारयादी करताना. घटना अजून लिहून व्हायची होती. तरी संविधान सभेच्या सचिवालयाने १९४८ च्या मार्चमध्ये सर्व प्रांतांना प्रौढ मतदानाच्या हिशेबाने याद्या करायला सांगितले. नेमलेल्या मुदतीत किमान १८० दिवस त्या ठिकाणी राहिलेल्या आणि २१ वर्षे पूर्ण होणाऱ्या प्रत्येकाचे नाव घ्यायचे होते. इथे पेच पडला तो निर्वासितांचा. कराचीहून जहाजाने मुंबईला उतरलेली सिंधी कुटुंबे ठाणे जिल्ह्यात पांगली होती. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत मोठी वस्ती झाली, तिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले; ठाण्यात त्यांची वस्ती कोपरीत झाली. १८० दिवसांचा मुक्काम यांनी दाखवायचा कसा, आणि छावणीतला मुक्काम तो मुक्काम तरी म्हणायचा का?

सचिवालयाने त्यावर काढलेला तोडगा साधा आणि धाडसी होता. अमुक गावी कायमचे राहण्याचा आपला इरादा आहे, एवढे निर्वासिताने जाहीर केले की, प्रत्यक्ष मुक्काम कितीही दिवसांचा असो, त्याचे नाव यादीत घ्यायचे. नागरिकत्वाचा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. पुढे घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ ही सीमा घातली आणि त्यानंतर आलेल्यांना अर्ज करून नोंदणी करावी लागली. म्हणजे कित्येकांच्या बाबतीत मतदारयादीतले नाव आधी आले आणि नागरिकत्व कागदावर मागून पक्के झाले. घरदार गमावून आलेल्या माणसाकडे मालमत्ता मागून चालणारच नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी राहूनही यादीबाहेर असलेला कोळी आणि काल-परवा जहाजातून उतरलेला सिंधी हे दोघे एकाच वेळी, एकाच यादीत मतदार झाले. कोपरीच्या इतिहासात याहून मोठी घटना शोधावी लागेल, आणि तिचा साधा फलकही कुठे नसणे हे आपल्या सार्वजनिक स्मरणाला शोभणारेच आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागलेल्या पोलादी मतपेट्यांपैकी सुमारे १२ लाख गोदरेजच्या विक्रोळी कारखान्यात तयार झाल्या. विक्रोळी ठाण्याहून लोकलने थोड्याच स्थानकांवर. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह डकवलेले असे. मतदाराने शिक्का मारायचा नव्हता, लिहायचे काही नव्हते. कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, एवढेच. अक्षरओळख नसलेल्यालाही मत गुप्तपणे देता यावे म्हणून केलेली ही व्यवस्था होती. सिंधी लिपी वाचणाऱ्या पण देवनागरी न वाचणाऱ्या नव्या मतदारालाही तीच उपयोगी पडली असणार.

मत मिळाले, पण मान मिळणे ही निराळी गोष्ट. सिंध पाकिस्तानात गेल्यामुळे सिंधी माणसाला भारतात स्वतःचे राज्य उरले नाही, म्हणून स्वतःची विधानसभाही नाही. भाषावार प्रांतरचना झाली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. सिंधी मात्र मराठी, गुजराती, हिंदी मुलखांत विखुरलेले राहिले. आठव्या परिशिष्टात मूळच्या १४ भाषा होत्या आणि त्यांत सिंधी नव्हती. १० एप्रिल १९६७ च्या २१ व्या घटनादुरुस्तीने ती पंधरावी भाषा झाली; हा दिवस आता सिंधी भाषा दिन म्हणून पाळतात. लोकप्रतिनिधी एखाद्या समाजाचा गौरव करतात तेव्हा बहुधा शब्दांवर भागते. इथे गौरव घटनेत जाऊन बसला, हे त्याचे वेगळेपण.

त्याच १९६७ च्या ऑगस्टमध्ये ठाणे नगरपालिकेची निवडणूक झाली. जन्माला येऊन अवघे वर्ष झालेल्या शिवसेनेने ४० पैकी १७ जागा जिंकल्या आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. शिवसेनेला सत्ता मिळालेले हे पहिले शहर. विधानसभेत ठाण्याची जागा त्यानंतरही बराच काळ इतर पक्षांकडे राहिली. काँग्रेसचे कांती कोळीही येथून आमदार झाले. मतदारसंघ तेव्हा सगळ्या ठाणे शहराचा होता, कोपरी त्याचा एक कोपरा. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या आणि १४७ क्रमांकाचा कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघ तयार झाला. कोपरीचे नाव विधानसभेच्या यादीत आले ते असे. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चारही निवडणुकांत येथून एकनाथ शिंदे निवडून आले. जून २०२२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले.

विधिमंडळात गौरव करण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. अभिनंदनाचा प्रस्ताव मांडला जातो, सर्व पक्षांचे सदस्य त्यावर बोलतात आणि तो एकमताने संमत होतो. मतमोजणीची वेळ येत नाही. विरोधकही अशा वेळी हात आखडता घेत नाहीत. ५ जुलै २०२४ रोजी टी-२० विश्वचषक जिंकून आलेल्या रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल यांचा विधान भवनात सत्कार झाला आणि मुख्यमंत्र्यांनी संघाला ११ कोटी रुपये जाहीर केले. शहरपातळीवर तीच रीत महापालिकेत दिसते. ठाणे महापालिका वर्धापनदिनी ठाणे भूषण आणि ठाणे गौरव हे पुरस्कार देते. गणेशोत्सव हा राज्य महोत्सव असल्याची घोषणा जुलै २०२५ मध्ये विधानसभेतच झाली.

पण ठाण्यापुरते बोलायचे तर परंपरेला सभागृहाचा मान मिळण्याचे सर्वांत बोलके उदाहरण दहीहंडीचे. टेंभी नाक्यावर शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या हंडीने ठाण्याच्या गोविंदाला वळण दिले. पुढे हंडी बांधणारे आणि विधानसभेत बसणारे एकच झाले: वर्तकनगरला प्रताप सरनाईक, पाचपाखाडीला जितेंद्र आव्हाड. १० ऑगस्ट २०१२ रोजी सरनाईकांच्या हंडीला जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ९ थर लावून १३.३४ मीटरचा गिनीज विक्रम केला. लाखांची बक्षिसे लागली तसे थर वाढले, आणि थर वाढले तसे पडणारेही. पायाला खांद्याला खांदा भिडवून उभी दणकट माणसे, मधल्या थरांत हलकी, आणि सर्वांत वर हेल्मेट घातलेले एखादे पोर, अशी ती रचना. चर्चा झाली ती या पोराची. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि उंची २० फुटांवर आणली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादा कायम ठेवल्या. त्या वर्षी ठाण्यात मर्यादेहून उंच हंडी बांधली गेली आणि आयोजकांवर गुन्हाही नोंदला गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने वयाची अट १४ वर मान्य केली आणि उंची ठरवणे हे न्यायालयाचे नव्हे, विधिमंडळाचे काम असल्याचे सांगितले.

चेंडू असा विधान भवनात आला. सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हणण्याचा निर्णय २०१५ मध्येच काढला होता, तरी मोठा गाजावाजा झाला तो १८ ऑगस्ट २०२२ रोजी, हंडीच्या आदल्या दिवशी. कोपरीच्या आमदाराने मुख्यमंत्री म्हणून विधानसभेत घोषणा केली: दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा, गोविंदांना शासकीय नोकरीच्या क्रीडा कोट्यातील ५ टक्के आरक्षणाचा लाभ, मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये आणि अपंगत्व आल्यास त्या मानाने मदत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी नोकरीच्या आश्वासनाला लगेच हरकत घेतली, आणि ती गैर नव्हती. नऊ थरांच्या रचनेत खेळाडू कोण आणि हौशी कोण, हे ठरवायचे कोणी? मदतीचा निर्णय त्यामानाने अधिक उपयोगाचा. अपघात झाल्यावर पथकातल्या मुलांच्या घरी खर्चाचा जो प्रश्न उभा राहतो, त्याला त्यात निदान काही उत्तर होते.

ही घोषणा झाली तेव्हा ठाणे शहरात एकही नगरसेवक नव्हता. महापालिकेची त्याआधीची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ची. १३१ सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारी विधेयके एकमताने संमत केली. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने प्रभागांची वाढवलेली संख्या मागे घेऊन २०१७ ची संख्या परत आणली. प्रत्येक बदलानंतर नवी याचिका आणि नवी तारीख. गोविंदाचा मान एका दिवसात ठरला, त्याच गोविंदाच्या महापालिकेतल्या मताला मुहूर्त लागायला जवळपास चार वर्षे गेली.

असे पहिल्यांदाच घडले असेही नाही. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी स्थापन झाली, पण तिची पहिली निवडणूक झाली १९८६ मध्ये, आणि सतीश प्रधान पहिले महापौर झाले. शेजारच्या कल्याणची कथा याहून लांबली. तिथे महापालिका १९८३ ची आणि पहिली निवडणूक १९९५ ची. बारा वर्षांत डोंबिवलीत इमारतींमागून इमारती उठल्या. त्या उठताना विचारणा करणारा निवडून आलेला कोणी पालिकेत नव्हता. प्रशासकाचा काळ नागरिकाला आधी जाणवतो तो गटारात आणि नळाला, कारण तक्रार घेऊन जायला वॉर्डातले दार नसते. आमदाराकडे जावे तर त्याचा मतदारसंघ तीन-चार लाखांचा आणि त्याचे काम कायद्याचे. तरीही अशा काळात लोक त्याच्याच कार्यालयात जातात, आणि सत्कार, हंडी, आरोग्य शिबिर, दहावीच्या गुणवंतांचा गौरव या सगळ्यांचे भार त्याच्याच मंडपावर येऊन पडतात.

दरम्यान मताचा परीघ वाढतच होता. ६१ व्या घटनादुरुस्तीने मार्च १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांना १९९० मध्ये ३० टक्के जागा राखल्या, ७४ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश अनिवार्य केल्या आणि २०११ मध्ये राज्याने प्रमाण निम्म्यावर नेले.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका चार आठवड्यांत जाहीर करण्याचा आदेश दिला. पुढे मुदतवाढ मिळाली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. ठाण्यात ३३ प्रभाग आणि १३१ जागा. ३२ प्रभागांत चार-चार नगरसेवक, एकात तीन. त्यामुळे मतदाराला एकाच फेरीत चार वेळा बटण दाबावे लागते, आणि अ, ब, क, ड या जागांच्या मतपत्रिकांना वेगवेगळे रंग देतात.