जाळलेला पाचोळा आणि इंदूरचं कंपोस्ट

आज ना लढाई, ना किल्ला. आज पाचोळ्याचा इतिहास सांगणार आहे, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

1980च्या दशकाच्या अखेरीस मी कॅप्टन होतो आणि एका कोर्ससाठी महूला होतो. छावणीतली जुनी झाडं उन्हाळ्याच्या तोंडाला धो-धो पानं गाळत. इन्स्पेक्शन जवळ आलं की फटीग पार्टी लागायची, खराट्याने पानं गोळा व्हायची आणि माझ्या हुकमाने ढिगाला काडी लागायची. तासाभरात मैदान चकाचक! धूर डोळ्यांत जायचा, पण ते आम्ही शिस्तीचाच भाग समजायचो. पाचोळ्याचं काय करायचं, हे अख्ख्या जगाला ज्या गावाने शिकवलं ते गाव तिथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर होतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं. ते गाव म्हणजे इंदूर.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 साली बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञच. इथल्या शेतकऱ्याला शिकवायला आलेले हॉवर्ड उलट त्याच्याकडूनच शिकत गेले. शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले गुरू, असं ते पुढे मोकळेपणाने मानत. 1924 साली होळकरांच्या इंदूर संस्थानात वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली आणि 1931 पर्यंत हॉवर्ड तिथे होते.

त्यांच्यासमोरची अडचण आपल्या ओळखीची आहे. शेण गोवऱ्यांत जात होतं, जमिनीला खत पुरत नव्हतं, आणि पाला, तण, तुराट्या, पऱ्हाट्या वाया जात होत्या. उकिरडा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होताच. पण उकिरड्यात कुजणं नशिबावर सोडलेलं असतं. हॉवर्डनी त्याला हिशेब लावला.

हिशेब असा. सुका पाला एकटा कुजायला फार वेळ घेतो, कारण त्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. म्हणून त्यात हिरवा पाला, शेण आणि गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती मिसळायची. आंबटपणा मारायला थोडी लाकडाची राख. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. आणि सर्वांत महत्त्वाची हवा. थर दाबून बसवायचे नाहीत आणि ठरावीक दिवसांनी ढीग खालीवर करायचा. ढीग आतून हात ठेववणार नाही इतका तापतो, तणाचं बी त्यात मरतं, आणि तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत तयार होतं. कडक पऱ्हाट्यांचं काय? त्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाकं त्या चिरडायची. यंत्राचा खर्च शून्य.

1931 साली या कामाचं पुस्तक निघालं. त्यावर दोन लेखकांची नावं आहेत : हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड त्याच संस्थेत रसायनशास्त्राचं काम पाहत. कर्ब, नत्र, ओल यांचा हिशेब रसायनशास्त्राशिवाय होत नाही, हे वेगळं सांगायला नको. हॉवर्डना पुढे ‘सर’ किताब मिळाला आणि सेंद्रिय शेतीचे आद्यपुरुष म्हणून जगाने त्यांना डोक्यावर घेतलं. वाडांचं नाव मात्र आपण मराठी माणसांनीही लक्षात ठेवलं नाही. पद्धतीला हॉवर्डनी स्वतःचं नाव न देता इंदूरचं दिलं, हा त्यांचा मोठेपणा. 1935 साली गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि ‘हरिजन’मधून ही पद्धत गावोगाव पोहोचवली.

पद्धतीत एक अडचण होती : ढीग पुन्हा पुन्हा हलवायला माणसं लागत. 1939 साली बंगळूरच्या डॉ. सी. एन. आचार्य यांनी थर रचून वरून मातीने लिंपायची पद्धत काढली. मेहनत वाचली, पण वेळ वाढला. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी तिसरी वाट काढली. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच विटांचं टाकं, आणि भिंतींना भोकं. हवा आपोआप आत जाते, ढीग हलवावा लागत नाही. सुमारे 1400 किलो पाल्याला शेण लागतं फक्त 100 किलोच्या आसपास, बाकी माती आणि पाणी. त्यांच्याच नावावरून याला ‘नाडेप’ म्हणतात.

तिन्ही पद्धतींत प्रश्न एकच होता : हवा, ओल आणि मिश्रण कसं सांभाळायचं. तुमच्या-माझ्या अंगणातही तोच आहे. शेण नसेल तर भाजीची देठं-सालं आणि कापलेलं हिरवं गवत चालतं. ढीग मात्र तिन्ही बाजूंनी निदान तीन फूट हवा. लहान ढीग तापत नाही, आणि मग लोक म्हणतात, ‘आमच्याकडे कुजतच नाही.’ आंब्या-फणसाची जाड पानं आधी चुरडून घ्या. वास आला तर समजा, पाणी जास्त झालं किंवा हवा कमी पडली. सुकी पानं घालून ढीग हलवा.

2016च्या घनकचरा नियमांनी बागेतला कचरा वेगळा आपल्याच आवारात ठेवायला सांगितलं होतं आणि जाळायला मनाई केली होती. तरी माघ-फाल्गुनात कुठल्याही शहरात पहाटे फिरायला निघा, कोपऱ्या-कोपऱ्यावर धूर दिसेल. काडी लावणाऱ्या सफाई कामगाराला मी दोष देत नाही. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की नऊच्या आत जागा साफ दिसली पाहिजे. असा हुकूम मीही दिलेला आहे.

म्हणून आता माझ्या सोसायटीत एक टाकं आहे, आणि फटीग पार्टीत मी एकटाच. पहिलं खत निघालं तेव्हा मूठभर हातात घेतलं. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास होता. महूच्या त्या मैदानावर असे किती ढीग मी राख केले, याचा हिशेब आता लागणार नाही. तुमचा अजून लागू शकतो.

जय हिंद.